रेजिनामावशीच्या विहिरीचं पाणी

रेजिनामावशीकडे चहा प्यायचा म्हणजे आधी बशी प्यायची, मग कप. कप ती इतका भरायची की उचलायची सोयच नसे. बशीत सांडलेला आधी संपवायचा, मग खाली वाकून कपाला तोंड लावायचं, वरचा घोट ओढायचा, आणि मग कुठे तो हातात धरता यायचा. लग्न होऊन मी तिच्या घरात भाड्यानं राहायला आले, त्या पहिल्याच दिवशी माझ्या कोऱ्या साडीवर हा असा चहा सांडला. मी तोंड वाकडं केलं. तेव्हा म्हणाली, "सुमन गो, अर्धा कप देनारा अर्ध्या मनानं बोलवतो. मी तुला सगळ्या मनानं बोलवली. साडी काय, धुतली की निघंल."

साडी धुतली, डाग निघाला नाही. पण त्या बाईवर रागावून राहणं कुणाला जमलंय!

ही गोष्ट मरोळच्या गावठाणातली, साठ-पासष्ट सालच्या सुमाराची. अंधेरी स्टेशनाबाहेर बस पकडायची, फॅक्टऱ्यांची नवी धुरांडी मागे टाकायची, की पुढे अजून भातखाचरं लागायची आणि ताडाची झाडं. गावठाणातले ख्रिस्ती लोक मूळचे इथलेच, शेतीवाले. घरात बोलणं मराठी, अंगावर लुगडं, गळ्यात क्रूस, आणि आळीच्या तोंडाशी चुन्यानं रंगवलेला दगडी क्रूस. आम्ही देवगडकडचे. माझे यजमान तिथल्याच एका फॅक्टरीत फिटर होते. "ख्रिस्तावाच्या घरात बिऱ्हाड करतंस?" म्हणून सासूबाईंनी गावाहून डोळे वटारले होते. पण भाडं परवडत होतं आणि मागच्या अंगणात विहीर होती. पाण्याची विहीर घरामागे असणं म्हणजे काय, ते चाळीत नळाच्या रांगेत भांडलेल्या बाईलाच कळेल.

विहीर रेजिनामावशीची. घरही तिचंच, बापाकडून आलेलं. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत विषमज्वरानं गेला, मूल नाही. बहीण वारली तेव्हा तिची तान्ही पोर, फिलोमिना, हिनं आणून वाढवली. आम्ही राहायला आलो तेव्हा फिलू नऊएक वर्षांची असेल. दोन वेण्या, गुडघ्यांवर कायम खरचटलेलं, आणि तोंड असं की विचारू नका. मावशी उंच, हाडापेरानं मजबूत, फिक्या निळ्या लुगड्यात. केस ओढून घट्ट बांधलेले. बोलणं मात्र अजिबात बांधलेलं नाही! तिची बोली मला सगळी लिहिता येणार नाही. कानात आहे तेवढी लिहिते.

तिच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर मरी मायची, म्हणजे येशूच्या आईची, तसबीर होती, धुरानं काळवंडलेली. सकाळी चूल पेटवताना मावशी तिच्याकडे बघून बोलायची. प्रार्थना म्हणाल तर ती प्रार्थना नव्हे. "माय, तेल संपला." बस्स. किंवा, "माय, फिलूचा खोकला जात नाय." आणि लगेच भाकरी थापायला सुरुवात.

मला पहिल्यांदा हसूच आलं. म्हटलं, "मावशी, नुसतं सांगतेस काय? मागत का नाहीस?"

"मरी मायनं तरी कुठं मागला? काना गावच्या लग्नात ती लेकाला येवढाच बोल्ली, त्यांच्याजवळ वाईन नाय. झाला. पुढचा त्यानं बघायचा. देवाला काय कमी हाय ते सांगायचा. कसा करायचा ते शिकवायला जायचा नाय."

हे कानाचं लग्न म्हणजे मावशीचं सर्वस्व. रविवारी दुपारी ओटीवर ती आळीतल्या पोरांना धर्मशिक्षण द्यायची. मी मागच्या दारात लसूण सोलत बसायची, तेव्हा सगळं कानावर पडायचं. आंधळ्याला दृष्टी आली, पाच भाकरींत हजारो जेवले, मेलेला लाझर उठून बसला, हे सगळे चमत्कार ती भराभर उरकायची. कानाचं लग्न आलं की मात्र मांडी घालून बसायची. गाव काना. तिथे लग्न. येशू आणि त्याची आई पाहुणे. ऐन पंगतीत वाईन संपली. येशूनं चाकरांना सांगितलं, ते सहा दगडी रांजण पाण्यानं भरा. त्यांनी भरले. काढून बघतात तर वाईन, आणि तीही आधीपेक्षा सरस.

"आता सांगा," ती पोरांना दटावून विचारायची, "रांजन किती भरले?"

"काठाशीऽऽ!" सगळी ओरडायची.

"काठाशी. कुनी सांगितला होता काठाशी भरा म्हनून? तो नुसता भरा बोल्ला. चाकरांनी अर्धे भरले असते तर?"

"अर्धीच वाईन!"

"मंग! आपल्या हातात पानी हाय. वाईन करायचा त्याच्या हातात. आपला काम काय? काठाशी भरायचा."

पोरांना सोडून झालं की ती माझ्याकडे यायची आणि लसणाच्या टोपलीत हात घालून उरलेलं मला सांगायची. "बघ सुमन, देवाचा पयला चमत्कार. पयला! कुनी मरत नव्हता. कुनी आंधळा नव्हता, लंगडा नव्हता. गरिबाच्या घरी लगीन, पावने दारात, आन घरात कमी पडला. उद्या गावात नाक कापला गेला असता. ती लाज राखायला देव कामाला लागला. आन कुनाला कळू दिला नाय. नवरदेवाला पन नाय. चाकरांना तेवढा ठावा."

मी एवढी देवधर्माची बाई, पण देव लाज राखायला धावतो हे मला कुणी असं चुलीपाशी बसून सांगितलं नव्हतं. द्रौपदीची गोष्ट मी हजारदा ऐकलेली. पण ती राजाची सून! इथे कुणा एका गावातलं कुणाचं तरी लग्न, नवरदेवाचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही. मला ते फार आवडलं, आणि मी ते मावशीला बोलूनही दाखवलं. ती खूश झाली आणि माझा अर्धा लसूण घेऊन गेली.

दारूबंदीचे दिवस होते ते. माझ्या यजमानांना टोमणा मारायची हुक्की आली की ते विहिरीवर दात घासता घासता म्हणायचे, "मावशी, तुमच्या देवानं हे मुंबईत केलं असतं तर? सहा रांजण! परमिट कुठून आणलं असतं? हवालदारानं आतच टाकला असता."

शेवटी एकदा मावशी शांतपणे दोर ओढत म्हणाली, "टाकलाच ना पुढं. क्रूसावर चढवला. सोडला काय?"

यजमानांनी घाईनं चूळ भरली. पुन्हा त्या विषयावर त्यांनी थट्टा केली नाही.

आणि ही बाई नुसती सांगणारी नव्हती हो. एकदा मे महिन्यात सासूबाई गावाहून आल्या, त्या एकट्या येतील तर शपथ! नणंद, तिची मुलं, चुलत दीर, त्याचे मेहुणे, कुणाकुणाची वरात घेऊन दारात. बाजार लांब, हातात वेळ नाही, आणि डब्यात तांदूळ बघते तर जेमतेम घरापुरते. सासूबाई पहिल्यांदाच माझं बिऱ्हाड बघायला आलेल्या. तेही ख्रिस्तावाच्या घरातलं. मी पुढच्या खोलीत पाण्याचे तांबे देत होते. परत मागे येऊन बघते तर चुलीशेजारी तांदळानं भरलेलं पातेलं, दोन नारळ आणि सोललेल्या कोलंबीची परात, वर केळीचं पान झाकलेलं. मागचं दार नुसतं लोटलेलं.

शिजवलेलं एकही भांडं नव्हतं त्यात. सासूबाई तिच्या हातचं शिजवलेलं खाणार नाहीत, हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं. तिला न सांगता माहीत होतं, आणि तिनं त्याचं काही वाटूनही घेतलं नव्हतं.

जेवताना सासूबाई चक्क म्हणाल्या, "सुमन, संसार चांगलो करतंस गो. इतक्या माणसांका पुरून उरलां. घरात भरून ठेवणारी बाय असा ही!" माझी मान खाली. संध्याकाळी विहिरीवर मी मावशीला हे सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. "तू माजा नवरदेव झालीस गो! पंगतीचा कारभारी त्यालाच शाबासकी देतो ना, चांगली वाईन मागाहून काढलीस म्हनून. आन त्या बापड्याला काय ठावाच नाय!"

आता त्या आळीतल्या लग्नांचं सांगायला हवं, कारण मावशीचं खरं दुखणं तिथे होतं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, कळशा भरून आणतात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. हे पाणी विहिरीतून काढायचं ते नवरा जिवंत असलेल्या पाच बायकांनी. विधवेनं दोराला हात लावायचा नाही. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला. म्हटलं, धर्म बदलला, देव बदलला, पाद्री आला, हे कसं बदललं नाही? अगदी आमच्या गावातलंच की हे!

आळीतली सगळी लग्नाची पाणी मावशीच्याच विहिरीवरून जायची. विहीर तिची, दोर तिचा, बाजावाल्यांना चहा तिचा, काठोकाठ. गाणी सगळ्यांत जास्त तिला यायची. आणि प्रत्यक्ष पाणी काढायच्या वेळी ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहायची, चौकटीच्या आत. तिथून गायची.

एका लग्नात पाचवी बाई ऐन वेळी आजारी पडली. तेव्हा ब्रिजितकाकूनं मला ओढलं. ब्रिजितकाकू म्हणजे मावशीची थोरली जाऊ, समोरच्या घरात राहणारी, बुटकी आणि करारी. आळीचे सगळे नियम तिला तोंडपाठ. लग्नात पान कुठल्या बाजूला ठेवायचं इथपासून तिला विचारायचं. मी म्हटलं, "अहो, मी हिंदू." ती म्हणाली, "नवरा जिता हाय ना? मंग ये." आणि मावशीनंच मला लाल चौकड्याचं लुगडं नेसवलं, तिचं स्वतःचं, पेटीत घडी घालून ठेवलेलं. मी पाणी ओढत होते आणि मागून चौकटीतून तिचा आवाज येत होता. मी परकी, चार वर्षांपूर्वी आलेली भाडेकरीण, माझे हात चालत होते. जिची विहीर ती दारात. मला त्या गाण्यात काहीही गोड वाटेना.

दुसऱ्या दिवशी लुगडं परत देताना मी फणफणलेच. "तू ऐकून कशाला घेतेस गं? तुझी विहीर आहे!"

तेव्हा तिनं सांगितलं. तिच्या स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, ह्याच विहिरीवर, दोर तुटला होता. उंबराच्या पाण्याची पहिलीच भरलेली कळशी, काठापर्यंत आलेली, धाडकन खाली गेली. मग कुणीतरी दुसरा दोर आणला, दुसरी कळशी आणली, लग्न झालं. दोन वर्षांत नवरा गेला. कुणी तोंडावर काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

"ब्रिजित मला दूर उभी करत नाय," मावशी म्हणाली. "मी आपनच ऱ्हाते. दुसऱ्याच्या पोरीला माज्या हाताचा पानी लागला, आन काय वाईट झाला, तर मी कुठं जाऊ?"

इतक्या धीराची बाई, माझ्या यजमानांना एका वाक्यात गार करणारी, आणि एका दोराला भ्यायलेली. मला रडू आलं. तिनं मला चहा दिला, आणि तो मी बशीतून आधी प्यायले.

त्याच सुमारास एका रविवारी ओटीवर कानाचं लग्न चाललं होतं. काठाशी वगैरे सगळं ओरडून झालं. आणि फिलू, जिला दर वेळी काहीतरी खोच काढायचीच असायची, तिनं विचारलं, "मावशी, मरी माय लग्नाला आली. येशू आला. त्याचे दोस्त आले. मंग मरी मायचा नवरा कुठं होता?"

"जोसेफ? असंल घरी. सुताराला काय काम थोडा असतो?"

"घरातला लगीन सोडून कोन काम करतो?"

पोरं हसली. मावशी हसली नाही. "मागाहून सांगते," म्हणाली आणि त्या दिवशी शिकवणी लवकर सुटली. संध्याकाळी ती देवळात जाऊन फादरना विचारून आली. मी विचारलं, "काय म्हणाले?" तर म्हणाली, "तुज्याकडं आमसुलं हायत काय गो?" मी समजले की ह्या गोष्टीला आत्ता हात लावायचा नाही.

फिलूनं पुढे दोन-तीनदा विचारलं. दर वेळी "मागाहून सांगते." मग फिलू मोठी झाली, औषधांच्या फॅक्टरीत पॅकिंगला लागली, स्वतःच्या पैशांनी उंच टाचांच्या चपला घेऊन आली, आणि अंबोलीच्या फ्रान्सिसशी तिचं जमलं. मुलगा साधा, हसतमुख, बसच्या वर्कशॉपात कामाला. मावशीनं त्याला पहिल्या भेटीत चहा दिला. त्यानं न सांगता वाकून कपाला तोंड लावलं. "चालंल," मावशी म्हणाली.

ईस्टरनंतर लग्न ठरलं, आणि मावशी आतून खचत चालली. वरवर सगळी धावपळ तिचीच. पण सकाळी मरी मायच्या तसबिरीपुढे तिचं बोलणं बंद झालं होतं. मी भिंतीपलीकडून ऐकायची ना रोज! "तेल नाय" नाही, "खोकला" नाही, काही नाही. नुसती उभी राहायची आणि चूल पेटवायची. एकदा मी विचारलंच. म्हणाली, "काय सांगू? कमी हाय ते मला ठावा हाय. पन ते सांगायला माजी जीभ उचलत नाय." तिला त्या पोरीला स्वतःच्या हातानं न्हाऊ घालायचं होतं. तान्ही असताना रोज घातलंच होतं की! आणि त्याच पोरीचं वाईट होईल म्हणून तिला ते करायचं नव्हतं. दोन्ही एकदम.

लग्नाची आदली संध्याकाळ. अंगणात मांडव, बाजा आळीच्या क्रूसापर्यंत जाऊन परत आला. मी लाल लुगड्यात, पाचांतली एक. आता माझा धर्म कुणी विचारतसुद्धा नसे. ब्रिजितकाकूनं पहिली कळशी दोराला बांधायला घेतली. मावशी चौकटीत जाऊन उभी राहिली आणि गायला लागली. आवाज पहिल्याच ओळीला फुटला.

तेवढ्यात मांडवातून फिलू उठून आली. केस सोडलेले, न्हाणासाठी नेसलेली जुनी साडी, अनवाणी. सरळ विहिरीपाशी.

"मावशी, पानी तू काढ."

बाजा थांबला. ब्रिजितकाकू म्हणाली, "खुळी झालीस काय गो? उद्या लगीन हाय तुजा. जा, बस जा."

"फिलू, आत जा," मावशी दारातून म्हणाली.

"जाते. आधी एक सांग. मरी मायचा नवरा कुठं होता?"

कुणाला काही कळेना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला कळलं.

"तू बोल्लीस मागाहून सांगते," फिलू म्हणाली. "उद्या मी अंबोलीला जाते. आता मागाहून कधी?"

मावशीनं आयुष्यात पोरांना खोटं सांगितलं नव्हतं. थापा मारणाऱ्या पोराला ती ओटीवरून उठवायची. चौकटीला धरून ती हळूच म्हणाली, "मेला होता. फादर बोल्ले. लेक मोठा होईसतवर जोसेफ मेला होता, असा मानतात."

"म्हंजे ती विधवा."

"हां."

"विधवा होती आन लग्नात होती. दारात नाय उभी ऱ्हायली. आत गेली, रांधायच्या जागी, वाईन संपली ते तिनंच बघितला. सगळी जेवत होती, कुनाला नाय कळला, तिला कळला. चाकरांना सांगितला तिनं, हा बोलंल तसा करा. आन त्यांनी पानी भरला." फिलूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण आवाज कसा खणखणीत! "त्या नवरीचा वाईट झाला काय? मावशी, मला तू शिकवलीस हे. मी नाय कुठून आनला."

सगळ्यांचे डोळे ब्रिजितकाकूकडे. नियम तिचा. ती हो म्हणाली तर इतकी वर्षं जाऊबाईला दारात उभं राहू दिलं ते चुकलं म्हणायचं; नाही म्हणाली तर उद्याच्या नवरीला रडवायचं. काकूनं कळशीकडे बघितलं. फिलूकडे बघितलं. मावशीकडे मात्र बघितलं नाही.

मग तिनं बांधलेली कळशी विहिरीच्या काठावर ठेवली, उजवा खांदा धरला आणि मोठ्यानं म्हणाली, "मरो ते! माज्या खांद्यात सकाळपासून चमक हाय. मला काय ओढवत नाय आज. रेजिना, तू काढ गो. उशीर नको आता."

मावशी चौकटीबाहेर आली. ते चार पावलांचं अंगण चालायला तिला किती वेळ लागला, काय सांगू! दोर हातात घेऊन तिनं तो वीत वीत चाचपून बघितला. गाठ सोडून पुन्हा बांधली. "तुटला तर?" ती फक्त फिलूला म्हणाली.

"तुटला तर दुसरा बांधू."

कळशी खाली गेली. पाणी उन्हाळ्याचं, खोल. बुडल्याचा आवाज आला आणि मावशीनं ओढायला सुरुवात केली. आयुष्यभर त्या विहिरीचं पाणी ओढलेले हात, पण आज वीत वीत जपून ओढत होते. मी माझ्या गणपतीचं नाव घेत होते, शेजारची बाई मरी मायचं. काठाशी कळशी दिसली, फिलूनं पुढे होऊन तिच्या कडेला हात घातला, आणि दोघींनी ती बाहेर घेतली. पूर्ण भरलेली. हिंदकळून दोघींचे पाय भिजले.

बाजावाला वाजवायचं विसरला होता. ब्रिजितकाकूच खेकसली, "झोपलास काय रे? वाजव!"

मग मावशीनं एकामागून एक सगळ्या कळशा भरल्या. आम्हा चौघींना तिनं नावापुरतासुद्धा दोर दिला नाही. "थांबा गो, थांबा," म्हणायची आणि पुन्हा कळशी खाली. मांडवात तिनंच फिलूला न्हाऊ घातलं, तोंडावरून हात फिरवत, लहान पोराला घालतात तसं, आणि गात होती. मी कधी ऐकला नव्हता तिचा तो आवाज.

दुसऱ्या दिवशी लग्नात ब्रिजितकाकू बाजाच्या तालावर हात वर करकरून नाचली, दोन्ही. खांद्याचं कुणी विचारलं नाही. मांडवातल्या पाहुण्यांना तर काही माहीतच नव्हतं. जे काय झालं ते विहिरीपाशी होत्या त्यांना ठावं.

सगळं आटोपल्यावर मी मावशीला चिडवलं, "काय गं, झाली का पाण्याची वाईन?"

"छा! चाखून बघितला मी. पानीच होता." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पन ब्रिजितचा खांदा दुखला, तो काय लहान चमत्कार हाय?"

भीती एका दिवसात जात नसते, हेही सांगायला हवं. पहिलं वर्षभर जावई घरी आला की मावशी त्याच्याकडे टक लावून बघायची. तो शिंकला की ही स्वयंपाकघरातून बाहेर. एकदा त्याला नुसता ताप आला तर अंबोलीला जाऊन उशाशी बसली. फ्रान्सिस बिचारा म्हणायचा, "सुमनताई, मावशीसमोर मला जांभई द्यायची चोरी!" मग फिलूला मुलगी झाली, फ्रान्सिसचं पोट सुटलं, डोक्याचे केस उडाले, आणि हळूहळू मावशीनं त्याला मोकळेपणी शिंकू दिलं. तसबिरीपुढचं बोलणं कधीच पुन्हा सुरू झालं होतं. "माय, साखर नाय. आन जावयाला कमी जेवायला सांग."

त्यानंतर आळीतल्या कुठल्याही लग्नात पाच बायका मोजलेल्या मला आठवत नाहीत. नियम काही मोडला नाही हं. दर वेळी ब्रिजितकाकूचा खांदा दुखायचा.

सत्तरचं दशक निम्मं सरलं तेव्हा आम्हाला बोरिवलीला दोन खोल्यांची जागा मिळाली. सामान टेम्पोत चढलं. मी पुढच्या सीटवर बसले, मांडीवर देवाची पेटी ठेवायची म्हणून हात पसरले, तेवढ्यात मागच्या अंगणातून मावशी आली. दोन्ही हातांत कळशी, आणि ती किती भरलेली असणार ते काय सांगायला हवं? केस आता पांढरे, पण चाल तीच. एक थेंब सांडू न देता ती टेम्पोपर्यंत आली आणि कळशी माझ्या मांडीवर ठेवली.

"नव्या घरात पयला पानी माजा."

"अगं, तिथे नळ आहे मावशी!"

"नळाचा पानी दुसरा भर," म्हणाली आणि माझ्या गालाला ओला हात लावून मागे वळली. थांबली नाही, हात हलवला नाही. टेम्पो क्रूसाच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत होते. घराच्या कडेनं मागचं अंगण दिसत होतं; ती पुन्हा दोर सोडत होती. चहाला पाणी हवं होतं, बायका जमल्या होत्या. तेच तिचं शेवटचं दर्शन. पुढच्या पावसाळ्यात ती गेली, आणि निरोप मिळेपर्यंत माती झाली होती.

बोरिवलीपर्यंतच्या खड्ड्यांत निम्मं पाणी माझ्या अंगावर सांडलं. साडी चिंब. जिना चढून वर गेल्यावर यजमान म्हणाले, "अर्धीच राहिली गं. ओतून टाकू?"

"हात लावू नका," मी म्हटलं.

नव्या घराचा नळ सोडला, कळशी त्याखाली धरली, आणि काठाशी भरली.